वैद्याची भेट : समक्ष आणि दूरची

गेल्या जून महिन्यात, महाविद्यालयातील प्रवेशाची गर्दी जराशी ओसरली असता, आमच्या परिचयाचे एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. चहा झाला, पावसाने ओढ दिल्याबद्दल बोलणे झाले, आणि मग त्यांनी आपल्या चिरंजिवांविषयी सांगण्यास आरंभ केला. मुलगा रात्र रात्र जागतो, दिवसा अंथरुणातून उठत नाही, मित्र सुटले, अन्नावरची वासना उडाली, आणि अलीकडे 'मी नसलेलाच बरा' असे एकदोनदा बोलून गेला. हे सर्व ते 'अभ्यासात लक्ष नाही' या एकाच सदराखाली सांगत होते. उठता उठता मात्र त्यांच्या तोंडून खरा प्रश्न बाहेर पडला : "सर, पुण्याच्या एका डॉक्टरांना मोबाइलवरून दाखवावे म्हणतो. इथे नेले तर चार लोक बघतात. तुमचे काय मत?"

आम्ही इतिहासाचे अध्यापक. वैद्यकात आमचा अधिकार नाही, आणि नसलेला अधिकार गाजविण्याची जी खोड आमच्या व्यवसायास जडलेली आहे तिच्यापासून दूर राहण्याचा आमचा यत्न असतो. तथापि त्या रात्री आम्हांस जे उत्तर सुचले ते इतिहासातूनच सुचले. कारण त्या गृहस्थांच्या बोलण्यात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. रोग्याने वैद्यापुढे समक्ष बसावे की यंत्राच्या द्वारे बोलावे, हा एक; आणि रोग्यास कोणाच्या नजरेपासून दूर ठेवावयाचे, हा दुसरा. पहिला प्रश्न नवा वाटतो. दुसरा फार जुना आहे, आणि आमच्या समाजाने पहिल्याचे उत्तर आजवर बहुधा दुसऱ्याकडे पाहूनच दिलेले आहे.

इंग्रजी अमलात वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा पहिला व्यापक कायदा १८५८ साली झाला. त्यानंतर नागपुरास १८६४ साली, रत्नागिरीस १८८६ साली आणि ठाण्यास १९०१ साली अशी इस्पितळे उघडली. पुण्याजवळ येरवड्याचे इस्पितळ झाले. आजही महाराष्ट्र सरकारची मोठी मनोरुग्णालये हीच चार आहेत. या चारांत सोलापूर नाही. सोलापुरास आगगाडी १८६० साली आली, कापडाची पहिली गिरणी १८७७ साली निघाली, माणसे तेलंगणातून आणि कर्नाटकातून पोटासाठी येथे येऊन राहिली. परंतु ज्याचे मन बिघडले त्याला मात्र आगगाडीत बसवून अडीचशे किलोमीटर दूर पाठवावयाचे, हाच रिवाज पडला. १९१२ च्या कायद्याने त्यासाठी नातलगांचा अर्ज, दोन वैद्यकीय दाखले आणि न्यायाधिकाऱ्याचा हुकूम यांची योजना केलेली होती. म्हणजे वैद्याची समक्ष भेट त्या काळीही होत असे. परंतु ती बहुधा उपचाराची पहिली पायरी नसून घरापासून तुटण्याची पहिली पायरी असे. वैद्य रोग्यास पाही तो याला आत ठेवावयाचे की नाही एवढेच ठरविण्यासाठी. ज्यांनी समक्ष भेटीचे गुणगान करावयाचे त्यांनी हा भाग विसरता कामा नये.

यापूर्वीची आणि याच्या जोडीने चालत आलेली एक निराळी समक्ष भेट आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. अक्कलकोटच्या पलीकडे, भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर गाणगापूर आहे. तेथे आरतीच्या वेळी किंचाळणारी, खांबांवर चढणारी, जमिनीवर लोळणारी माणसे आम्ही लहानपणी पाहिली आहेत. त्यांत किती रोगी, किती दुःखी आणि किती केवळ थकलेली होती हे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. तेथे रोग्याबरोबर त्याचे सबंध कुटुंब जात असे, आणि पंधरा-पंधरा दिवस त्याच्याजवळ राहत असे. आणि ज्यांस जाणे शक्य नसे त्यांच्यासाठी अंगारा पाकिटात घालून टपालाने पाठविला जाई. दूरस्थ उपचाराची कल्पना आमच्या आजीस नवी वाटली नसती.

आता स्वतःच्या घरची गोष्ट. आमची एक आत्या होती. १९७९ साली, आम्ही सहा-सात वर्षांचे असताना, तिला रात्रीच्या गाडीने एका दूरच्या इस्पितळात नेण्यात आले. शेजाऱ्यांस सांगण्यात आले की ती कुर्डुवाडीस मावशीकडे गेली आहे. आम्हां मुलांसही तेच सांगण्यात आले. इस्पितळाबद्दल आमची तक्रार नाही. तेथे तिच्यावर जे उपचार झाले त्यांनी तिला गुण आला, आणि तीन वर्षांनी ती घरी परतली. तक्रार आहे ती आमच्याच घराबद्दल. आजोबा वारल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आत्याची चौदा आंतरदेशीय पत्रे निघाली. प्रत्येकात तोच एक प्रश्न, निरनिराळ्या शब्दांत : मला न्यायला केव्हा येता? मनिऑर्डर दरमहा जात असे. भेटीस कोणी गेले ते तीन वर्षांत दोनदा. तिला वैद्य समक्ष भेटत होता, आणि घर दुरून. पुढे ती वीस वर्षे आमच्यात राहिली, देवघराचे सर्व पाहिले, आमच्या मुलांना वाढविले. परंतु त्या तीन वर्षांविषयी अवाक्षर बोलली नाही, आणि घरात टेलिफोन आल्यावर तो वाजला तरी तिने कधी उचलला नाही.

खाजगी दुःखाकडून आता सार्वजनिक इतिहासाकडे वळू. वेड ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो समक्ष पाहणाऱ्याचा की दुरून पाहणाऱ्याचा, हा वाद महाराष्ट्रात एकदा चांगलाच पेटला होता. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी हे १८७१ साली दत्तक आलेले. तरुणपणीच त्यांच्या मनःस्थितीविषयी संशय घेण्यात आला, त्यांच्यावर गोरे रखवालदार नेमण्यात आले आणि ते भ्रमिष्ट असल्याचे सरकारी मत झाले. राजांस समक्ष पाहण्याचा अधिकार मूठभर अधिकाऱ्यांच्या आणि डॉक्टरांच्या हाती होता. इतरांस पाहण्याची सोय नाही. म्हणून इतर दुरून तर्क करीत होते. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर राजांचा छळ केल्याचे आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारे ते केले ती पत्रे बनावट ठरली, आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातील त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले ते वाचकांस ठाऊक आहेच.

आमच्या शाळांतून ही गोष्ट दोन देशभक्तांच्या पहिल्या तुरुंगवासाची म्हणून शिकविली जाते. ती तशी आहेही. परंतु तिच्यातील मुख्य माणूस खोलीबाहेर ठेवला जातो. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, तो वीस वर्षांचा राजा मरण पावला. त्याच्या गादीवर पुढे १८८४ साली कागलकर घराण्यातून शाहू महाराज आले, आणि कोल्हापूरचा इतिहास निराळ्या वळणास लागला. चौथ्या शिवाजींचे मन खरोखर बिघडले होते की बिघडविण्यात आले, याचा निर्णय आज कोणी करू लागला तर तो पुन्हा दुरूनच करील. आमचा मुद्दा एवढाच की ज्यांनी त्यांस रोज समक्ष पाहिले त्यांच्या पाहण्यास बाहेरचा साक्षी नव्हता, आणि ज्यांनी दुरून त्यांची बाजू घेतली त्यांच्या हाती बनावट कागद होते. समक्षतेला साक्षी नसला तर काय होते आणि दूरतेला पुरावा नसला तर काय होते, हे दोन्ही एकाच प्रकरणात पाहावयास मिळावे असे उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, रोग्याच्या संमतीवाचून त्यास दाखल करावयाचे तर दोन जाणकारांनी, त्यांपैकी एक मानसोपचारतज्ज्ञ, त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असले पाहिजे अशी तरतूद आहे, आणि रोग्यास आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवता येतो. कायद्याची भाषा रुक्ष असते. पण ती वाचताना आम्हांस नगरचा किल्ला दिसल्यावाचून राहत नाही.

आता दूरतेची दुसरी बाजू. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते एकट्याच्या हिमतीवर चालविले. त्यात वाचकांच्या प्रश्नांस उत्तरे देण्यात येत. प्रश्न कामजीवनाचे, परंतु त्यांच्या तळाशी जे असे त्यास आज आपण चिंता, अपराधभाव, खिन्नता अशी नावे देऊ. ज्या गोष्टी गावच्या वैद्यापुढे, बापापुढे किंवा पत्नीपुढे उच्चारणे अशक्य, त्या ही माणसे न पाहिलेल्या एका माणसास कागदावर लिहून कळवीत होती. अंतर होते म्हणूनच ती बोलू शकली. सरकारला हे रुचले नाही. वाचकांस दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या वतीने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, २०० रुपये दंड झाला, आणि मासिक पुढे चालू राहिले. मराठीतील दूरस्थ समुपदेशनाचा इतिहास कोणी लिहील तर त्याने तो मोबाइलपासून नव्हे, कर्व्यांच्या टपालापासून आरंभावा.

पत्राने उपचार ही कल्पना युरोपातही होती. फ्रॉइडने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या, घोड्यांस भिणाऱ्या लहान मुलाच्या हकिकतीत उपचार जवळजवळ सर्वस्वी वडिलांनी लिहून पाठविलेल्या टिपणांवरून झाले. मुलास फ्रॉइडने त्या काळात उपचारासाठी एकदाच समोर बसविले. पुढे टेलिफोन आला. लंडनमधील चाड व्हारा या धर्मोपदेशकाने १९५३ साली, आत्महत्येच्या विचारात असलेल्या कोणाही माणसाने फोन करावा म्हणून आपल्या चर्चमधील एक क्रमांक जाहीर केला, आणि त्यातून 'समॅरिटन्स' ही संस्था निर्माण झाली. अमेरिकेत नेब्रास्का येथील मनोचिकित्सकांनी १९५९ पासून दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या दूरचित्रवाणीचा प्रयोग केला, आणि १९६४ साली ओमाहाचे विद्यापीठ ११२ मैलांवरील नॉरफोकच्या मनोरुग्णालयाशी जोडले. म्हणजे ज्याला आपण काल-परवाचे खूळ समजतो ते पासष्ट वर्षांचे झाले आहे. आमच्याकडे ठाण्यास १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापिलेल्या संस्थेने आणि मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'आयकॉल' सेवेने फोनवरील मदतीचा मार्ग मराठी कुटुंबांच्या परिचयाचा केला. त्या फोनसाठी एके काळी पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथात जावे लागे. काचेच्या त्या पेटीत उभे राहून रडणाऱ्या माणसास बाहेर रांगेतील लोक पाहत असत. ऐकू मात्र कोणास येत नसे.

२०२० च्या मार्च महिन्यात जे घडले ते वाचकांच्या स्मरणात ताजे आहे. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, केंद्र सरकारने दूरवैद्यकाचे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. तोवर डॉक्टरने दुरून औषध लिहून द्यावे की नाही याबद्दल कायद्याची स्थिती धूसर होती. या नियमांनी काही औषधे दृश्य संवादात पहिल्याच भेटीत देता येतील, काही समक्ष तपासणी होऊन गेल्यावर पुढील भेटींत दुरून देता येतील, आणि अंमली व तत्सम काही औषधे दुरून देऊच नयेत, अशी वर्गवारी केली. आणि दुरून भागेल की रोग्यास समोर बोलवावे लागेल, याचा निर्णय डॉक्टरवर सोपविला. पुढे १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलिमानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती अहोरात्र, विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांत मिळते. सोलापूरसारख्या गावास या शेवटच्या गोष्टीचे मोल अधिक आहे. येथे पूर्व भागातील विड्या वळणारी आजी आपले दुःख तेलुगूत सांगते, अक्कलकोटकडील शेतकरी कानडीत, आणि डॉक्टर लिहून घेतो मराठीत किंवा इंग्रजीत. दुभाषा बहुधा सून असते. आणि कित्येकदा दुःख सुनेविषयीचेच असते!

त्या टाळेबंदीत आमचा एक विद्यार्थी दर शनिवारी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंशी फोनवर बोलत असे. घर दोन खोल्यांचे, माणसे सात, आणि मागच्या पडवीत टॉवेल विणणारे यंत्रमाग. माग काही आठवडे बंद होते, तेव्हा तो बोलतच नसे. 'बरा आहे' एवढेच सांगे. माग पुन्हा सुरू झाले तसा तो त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहू लागला, कारण त्या खडखडाटात घरच्यांस त्याचा शब्द ऐकू जाणे शक्य नव्हते. बाईंना तरी काय ऐकू येई देव जाणे. पण त्यांनी त्याला ओरडून बोलू दिले, आणि तो बोलला. एकान्त ही वस्तू मध्यमवर्गाच्या घरात दाराला कडी लावून मिळते असे आपण धरून चालतो. ज्यांच्या घरात कडी लावण्याजोगे दार नाही त्यांना दवाखान्यातील बंद खोली हीच एकान्ताची जागा असते, आणि मोबाइल सबंध घराला त्या खोलीत आणून बसवितो.

परंतु याच मुलाची पुढील हकिकत सांगितल्याविना राहवत नाही. टाळेबंदी उठल्यावर बाईंनी त्यास समक्ष बोलाविले. पडद्यावर खांद्यापर्यंतच दिसणारा हा मुलगा दारातून आत आला तेव्हा त्याचे हात चालताना हलत नव्हते आणि पावले लहान पडत होती. त्यांनी त्याचे मनगट धरून हळूच फिरवून पाहिले. ते अडखळत, दात्यांच्या चाकासारखे फिरले. औषधाचा तो दुष्परिणाम होता, आणि मात्रा कमी केल्यावर गेला. चार महिने तो 'जरा जड वाटते' असे फोनवर सांगत होता, आणि खिन्नतेचेच ते लक्षण आहे असा त्याचा व इतरांचा समज झालेला होता. पडद्यावर चेहरा दिसतो, स्वर ऐकू येतो. चाल दिसत नाही, हाताचा ताठरपणा कळत नाही, तोंडाला येणारा दारूचा वास पोहोचत नाही, वजन आणि रक्तदाब मोजता येत नाही. लिथियम घेणाऱ्याचे रक्त, मूत्रपिंड आणि थायरॉइड वेळोवेळी तपासावी लागतात. ज्याला यंत्रातून आपल्यावर कोणी पाळत ठेवीत आहे असा भ्रम आहे त्याच्यापुढे उपचारासाठी तेच यंत्र धरणे हे तर क्रौर्यच म्हणावे लागेल.

याच्या उलट, साधी खिन्नता किंवा चिंता असेल, निदान एकदा पक्के झालेले असेल, आणि बोलण्यास जागा असेल, तर दृश्य संवादाने होणाऱ्या उपचारांत आणि समक्ष उपचारांत गुणाच्या दृष्टीने फारसा फरक आढळत नाही, असे आजवरच्या बहुतेक तुलनांचे निष्कर्ष आहेत. ते अमान्य करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. करमाळ्याच्या टोकाच्या खेड्यातील बाईने दर पंधरा दिवसांनी सोलापुरास यावे असे म्हणणे सोपे आहे. तिचा एक दिवसाचा रोजगार, एसटीचे भाडे आणि बरोबर येणाऱ्या नवऱ्याचाही रोजगार हे म्हणणाऱ्याने भरून द्यावेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, निरनिराळ्या मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी शेकडा ७० पासून ९२ पर्यंत लोक उपचारावाचून असल्याचे दिसले. लाख लोकांमागे एकही पुरता मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात 'समक्षच या' या आग्रहाचा अर्थ पुष्कळांसाठी 'येऊच नका' असा होतो.

आणि तरीही, समक्ष म्हणजे रोग्यानेच जावे असे कोणी ठरविले? १९८० च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने आमच्या शेजारच्या कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग केला, तो गावच्या डॉक्टरांस आणि आरोग्यसेविकांस शिकवून उपचार तालुक्यात नेण्याचा. त्यावरूनच १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात पसरू लागला. गोव्यात 'संगथ' या संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांस समुपदेशनाचे शिक्षण देऊन दाखवून दिले की खिन्नतेवरील उपचाराचा मोठा भाग ती उत्तम प्रकारे करू शकतात. समक्ष आणि ऑनलाइन यांच्या वादात हा तिसरा मार्ग, शेजारच्या शिकविलेल्या माणसाचा, नेहमी विसरला जातो. त्याची जाहिरात करण्यात कोणाचा फायदा नाही, हे त्याचे एक कारण असावे.

असो. त्या गृहस्थांस आम्ही काय सांगितले ते सांगून हा लेख पुरा करतो. 'मी नसलेलाच बरा' हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले तेथे समक्ष की दूरचे हा वाद घालण्यास वेळ नाही. तेव्हा आज रात्रीच १४४१६ ला फोन लावा, मुलास एकटे ठेवू नका, घरातील कीटकनाशके आणि गोळ्या कुलपात घाला, आणि उद्या सकाळी त्यास येथीलच डॉक्टरकडे समक्ष न्या, असे आम्ही म्हणालो. निदान झाल्यावर पुण्याच्या डॉक्टरांशी महिन्यातून एकदा मोबाइलवरून बोलावयाचे असेल तर आमची हरकत नाही, असेही म्हणालो, जणू आमच्या हरकतीस काही किंमत होती! चार लोक बघतात याबद्दल विचाराल, तर आमच्या घरानेही एकदा चार लोकांपासून तीन वर्षे लपविले होते. ती चौदा पत्रे आम्ही त्यांस कपाटातून काढून दाखविली. त्यांनी एकच वाचले आणि घडी घालून परत दिले.

दुसऱ्या दिवशी ते मुलास घेऊन येथील सिव्हिल इस्पितळात गेले. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत त्यांच्याच आळीतील दुकानदार भेटला. तो स्वतःच्या पत्नीस घेऊन आलेला होता, आणि दोघांनीही एकमेकांस काही विचारले नाही. आत बोलावणे आल्यावर गृहस्थ मुलाबरोबर उठले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांस बाहेरच थांबण्यास सांगितले. पाऊण तास ते बाकावर बसून होते. आत काय बोलणे झाले ते त्यांना अद्याप ठाऊक नाही. आम्हीही विचारलेले नाही.